पळालेल्याच्या घरी कोण येतं?

'रोड ९६' या गेमबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती मला अजिबात पटत नाही. तक्रार अशी की पेट्रिया हा देशच खोटा वाटतो. वाळवंट आणि पेट्रोल पंप अमेरिकेतले, सरकारी पोस्टर्स सोव्हिएत छापाची, टीव्ही अँकर एकदम चमको, आणि त्यात हुकूमशहा. असा देश जगात कुठे असतो का?

नसेना का! कादंबरीतली गावं तरी कुठे नकाशावर सापडतात? देश खोटा असला म्हणून काही बिघडत नाही. माझं भांडण वेगळंच आहे. या गेममध्ये मुलं पळून जातात, आणि त्यानंतर त्यांच्या घराचं दार कोणीही ठोठावत नाही. गेम खोटा पडतो तो इथे.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (पुढे थोडी कथा फुटणार आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी इथूनच परत फिरा). डिजिक्सआर्ट नावाच्या फ्रेंच स्टुडिओने २०२१ मध्ये हा गेम काढला. गेममधलं साल १९९६. पेट्रियात टायरॅक नावाचा राष्ट्राध्यक्ष, त्याच्या विरोधात फ्लॉरेस नावाच्या बाई, आणि ९ सप्टेंबरला निवडणूक. तरुण पोरंपोरी घरातून पळून उत्तरेच्या सीमेकडे निघालेत. तिथे भिंत आहे. पकडले गेलात तर सक्तमजुरीच्या छावणीत रवानगी. आपण एकामागून एक अशा मुलांच्या भूमिकेत शिरायचं. बेपत्ता मुलांच्या पोस्टर्समधून एक निवडायचं, खिशात थोडे पैसे, अंगात थोडी ताकद, आणि निघायचं. कधी लिफ्ट मागून, कधी बसने, कधी टॅक्सीने, कधी चोरलेल्या गाडीने, काहीच नसेल तर पायी. वाटेत ट्रकवाला जॉन, पोलीस फॅनी, कॉम्प्युटरवेडा अ‍ॅलेक्स, दोन वेडगळ दरोडेखोर, अशी ठरावीक माणसं उलटसुलट क्रमाने भेटत राहतात. प्रत्येक वेळी प्रवास वेगळा घडतो. कल्पना झकास आहे, संगीत त्याहून झकास. गेम वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. उलट इतका चांगला आहे म्हणूनच त्यातली ही चूक जास्त खुपते.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, "अरे, गेम आहे तो! वास्तव कसलं शोधतोस?"

हे वाक्य मला फार आळशी वाटतं. शूटिंगच्या गेममध्ये गोळी लागल्यावर हिरो भिंतीमागे दोन मिनिटं बसून टुणटुणीत होतो, तेव्हा कोणी तक्रार करत नाही. कारण तो गेम युद्धाबद्दल काही सांगायचा दावाच करत नाही. 'रोड ९६' मात्र तो दावा करतो. जागोजागी तुम्हाला विचारतो, तुझं मत काय? मतदान, क्रांती की नुसतं पलायन? संवादातल्या पर्यायांपुढे तशी चिन्हंच दिली आहेत. तुमच्या उत्तरांनी निवडणुकीचा काटा हलतो. जो गेम मला माझं राजकीय मत विचारतो, त्याला मी राजकारणाबद्दलच प्रश्न विचारले तर त्याने "मी तर नुसता गेम" म्हणून अंग काढून घेऊ नये.

तर पहिला मुद्दा, बोलण्याचा.

पेट्रियात सगळे सगळ्यांशी राजकारण बोलतात. ट्रकमध्ये चढून दोन मिनिटं झाली नाहीत तोच ड्रायव्हर विचारतो आणि आपण सांगतो. रस्त्यावर, ढाब्यावर, छावणीच्या शेकोटीजवळ, अनोळखी माणसाला आपण टायरॅकबद्दल काय वाटतं ते बिनधास्त सांगायचं. आता जरा पूर्व जर्मनीकडे बघू. भिंत बांधून स्वतःच्या नागरिकांना आत कोंडणारा देश म्हटल्यावर आधी तोच आठवतो, आणि त्याची कागदपत्रंही नंतर खुली झाली. १९८९ मध्ये तिथल्या गुप्त पोलिसांकडे, म्हणजे श्टाझीकडे, सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती. त्याशिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. हे खबरे काळा कोट घालून कोपऱ्यावर उभे राहणारे नव्हते. शेजारी, सहकारी, क्लबातला मित्र, क्वचित घरातलंच माणूस. लोकसंख्या किती, तर साधारण एक कोटी चौसष्ट लाख.

अशा देशात जगायला लागणारं सगळ्यात मोठं कौशल्य कोणतं? गप्प बसणं. ट्रकवाल्याने विचारलं तर हवापाण्याबद्दल बोलणं. विनोदावर हसायचं की नाही हे आधी आजूबाजूला बघून ठरवणं. 'रोड ९६' मध्ये तुम्ही कुलूप उघडायला शिकता, हॅकिंग शिकता, लोकांना पटवायला शिकता. आणि ही कौशल्यं पुढच्या मुलाकडे आपोआप जातात. पण गप्प बसणं हे कौशल्य त्या यादीत नाही. बोलणाऱ्याला बक्षीस आणि घुम्याला प्रसंग हुकल्याची चुटपुट, असा सगळा हिशोब आहे. म्हणजे हुकूमशाहीबद्दलच्या गेममध्ये लोकशाहीतल्या कॉलेज कट्ट्याचे नियम लावलेत.

यावर एक बचाव आहे आणि तो मी मान्य करतो. सगळ्या हुकूमशाह्या सारख्या नसतात. निवडणुका होतात, विरोधी उमेदवार उभा राहतो, लोक बडबडतात, पण सत्ता मात्र हलत नाही, असे देश पुष्कळ आहेत. पेट्रिया तसा समजू. ठीक. पण मग भिंतीचं काय करायचं? ज्या देशाला आपली पोरं बाहेर जाऊ नयेत म्हणून अख्खी सीमा बंद करावी लागते, त्या देशाला कोण जायच्या बेतात आहे हे आधी कळायलाच हवं. नुसत्या भिंतीने माणसं अडत नाहीत. भिंतीच्या आधी कितीतरी गोष्टी असतात, तेव्हा कुठे भिंत चालते. गेमने भिंत घेतली आणि तिच्या आधीचं सगळं वगळलं.

या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींसाठी एकच खरी हकीकत सांगतो. बऱ्याच जणांना माहीत असेल, तिच्यावर दोन सिनेमे आहेत, एक डिस्नेचा १९८२ चा आणि एक जर्मन, २०१८ चा. पूर्व जर्मनीतल्या प्योसनेक गावातली दोन कुटुंबं, श्ट्रेल्झिक आणि वेट्झेल. चार मोठी माणसं, चार मुलं. १६ सप्टेंबर १९७९ च्या मध्यरात्रीनंतर ही आठ माणसं घरी शिवलेल्या हॉट एअर बलूनमध्ये बसून सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत नाइला गावाजवळ उतरली. हवेतला वेळ किती? सुमारे २८ मिनिटं.

आणि तयारी किती? जवळजवळ दीड वर्षं. त्या दीड वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती होती माहितीये? कापड विकत घेणं. बलूनला शेकडो मीटर कापड लागतं. दुकानात जाऊन "आठशे मीटर द्या" म्हटलं की दुकानदार वर बघणारच. पहिल्या बलूनच्या वेळी त्यांनी कॅम्पिंग क्लबच्या तंबूंना अस्तर लावायचंय अशी थाप मारली. ते कापड हवा धरेना. पुढच्या वेळी दुसऱ्या शहरात जाऊन सेलिंग क्लबची थाप. जुलै १९७९ मध्ये श्ट्रेल्झिक कुटुंब एकटंच उडालं. ढगातल्या ओलाव्याने बलून जड झाला आणि सीमेच्या दोनेकशे मीटर अलीकडेच खाली आला. ते कसेबसे निसटून घरी पोचले, पण बलून आणि सामान तिथेच राहिलं. आता श्टाझीला माहीत होतं की कोणीतरी बलून शिवतंय. शोध सुरू. आणि यांना तिसरा बलून शिवायचा होता. मग वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या दुकानांतून थोडं थोडं कापड. जे मिळेल त्या रंगाचं.

विचार करा, या कथेत ताण कुठे आहे? २८ मिनिटांत आहेच. पण खरा ताण कापडाच्या दुकानातल्या काउंटरवर आहे. तिथे ना बंदूक, ना सर्चलाइट. एक विक्रेती आणि तिचा साधा प्रश्न, "इतकं कापड कशाला हो?" हुकूमशाही देश हा असा असतो. तिथे साधी खरेदी हाही कबुलीजबाब होऊ शकतो. कायद्यातही तसंच होतं. सीमा ओलांडणं तर गुन्हा होताच, तसा प्रयत्न आणि तशी तयारी हाही गुन्हा होता.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. सिनेमावाले बलून उतरला की पडदा पाडतात. पण सकाळ झाली तेव्हा मागे काय झालं? पीटर श्ट्रेल्झिक यांच्या भावाला त्याच दिवशी अटक झाली. बहीण आणि तिच्या नवऱ्यालाही. आरोप, पलायनाला मदत केल्याचा. त्यांना शिक्षा झाली, आणि पुढे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयत्नांनी ते सुटले. शिवाय सरकारने गॅसच्या टाक्यांची नोंदणी सुरू केली आणि बलूनला चालेल असं कापड मोठ्या प्रमाणात विकणं बंद केलं. म्हणजे आठ जणांच्या २८ मिनिटांचं बिल नातेवाइकांच्या नावावर फाडलं, आणि उरलेलं सगळ्या देशाच्या.

यातून श्ट्रेल्झिक आणि वेट्झेल स्वार्थी होते असा अर्थ कोणी काढू नका. बिल फाडणारा दोषी असतो. पळणारा नाही. पण ते बिल असतं, आणि पळण्याआधी प्रत्येकाला ते माहीत असतं, हाच तर मुद्दा आहे. कुंपण, कुत्रे आणि बुरुज लागतात ते हे बिल माहीत असूनही निघालेल्यांसाठी. बाकीच्यांना घरातच अडवायचं काम ते बिल करतं.

पटत नसेल तर पूर्व जर्मनीचे प्रवासाचे नियमच बघा. १९६४ पासून निवृत्त माणसांना पश्चिमेतल्या नातेवाइकांना भेटायला जायची परवानगी मिळू लागली. ते परत आले नाहीत तरी सरकारचं पेन्शनच वाचणार होतं ना! कामाच्या वयातल्या माणसाला काही निकडीच्या कौटुंबिक कारणासाठी सोडलंच, तर साधारणपणे बायकोमुलं मागे ठेवून. व्हिसा, शिक्का वगैरे ठीक, पण खरा जामीन म्हणजे घरी वाट बघणारी माणसं. भिंत काँक्रीटची होती हे खरंच, तिच्यावर किमान १४० माणसं मेली हेही खरंच. पण कोट्यवधी लोक त्या भिंतीपर्यंत कधी गेलेच नाहीत, ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच थांबले.

आणि हे सगळं फक्त दूरदेशीचं आहे असंही नाही. आपल्याकडे १९७५ साली आणीबाणी लागल्यावर मुंबईचे कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. ते सापडेनात. मग मे १९७६ मध्ये त्यांचे भाऊ लॉरेन्स यांना पोलिसांनी बंगळूरमध्ये उचललं आणि जॉर्जचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांचे अतोनात हाल केले. देश वेगळा, काळ वेगळा, सीमेचा प्रश्नच नाही. पण पळालेला हाती लागत नसेल तर घरच्याला धरा, हा हिशोब तोच.

आता परत पेट्रियात येऊ. तिथे एक पोरगा सीमेवर पकडला जातो. किंवा मरतो. किंवा पार होतो. मग? मग नवी पोस्टर्स, नवा चेहरा, नवे पैसे, पाटी कोरी. आधीच्या मुलाची कौशल्यं मिळाली, पण त्याच्या अपयशाचं किंवा यशाचंही काही ओझं नाही. त्याच्या बापाची नोकरी गेली का? धाकट्या बहिणीला कॉलेजात प्रवेश नाकारला का? त्याच्या वर्गातल्या मुलांना एकेक करून बोलावलं का? पुढच्या प्रवासावर यातल्या कशाचाच परिणाम नाही.

बरं, गेमला कुटुंब ही गोष्टच सुचली नाही असंही नाही! उलट वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या कथा सगळ्या घरच्याच आहेत. झोई ही मंत्र्याची मुलगी. अ‍ॅलेक्स हा पोलीस फॅनीचा दत्तक मुलगा. टॅक्सीवाला जॅरोड मेलेल्या मुलीच्या दुःखाने पिसाळलेला. ज्यांच्या कथा लेखकांनी मनापासून लिहिल्या त्या सगळ्यांना घर आहे. घराचं ओझं नाही ते फक्त पळणाऱ्याला, म्हणजे आपल्याला. आपण हलके, मोकळे, पाठीवर एक सॅक. सुट्टीवर निघालेल्यासारखे.

"पण हे सगळं गेममध्ये कसं घालणार? कंटाळवाणं होईल!" हा पुढचा आक्षेप. याचं उत्तर २०१३ मध्येच मिळालंय. लुकास पोप या एका माणसाने बनवलेला 'पेपर्स, प्लीज'. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, १९८२ साल, आणि आपण सीमेवर पासपोर्ट तपासणारे कारकून. ग्राफिक्स म्हणाल तर ठोकळे. दिवसभर शिक्के मारायचे आणि रात्री हिशोब करायचा. भाडं, जेवण, हीटर. आजारी मुलाचं औषध आज घ्यायचं की उद्या? या गेमच्या वीस शेवटांमध्ये पलायनाचेही शेवट आहेत. आणि ते पलायन कसं? शेजारच्या ओब्रिस्तान देशातून येणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट गुपचूप दाबून ठेवायचे, घरातल्या प्रत्येक माणसामागे एक, आणि प्रत्येकाच्या बनावट कागदासाठी पैसे मोजायचे. पैसे किंवा पासपोर्ट कमी पडले तर कोणाला मागे ठेवायचं हे तुम्ही ठरवायचं. बायको, मुलगा, सासू, काका... आणि ज्यांचे पासपोर्ट तुम्ही दाबलेत, तेही कोणाच्या तरी घरचे असणार हे तुम्हाला माहीत असतं.

एकही पाठलाग नाही, एकही भिंत चढावी लागत नाही. नुसता पासपोर्टांचा गठ्ठा आणि हातात कमी पैसे. तरी त्या स्क्रीनवर हात थबकतो. कंटाळवाणं म्हणे!

आता आमच्या धंद्याची गोष्ट. "एवढं सगळं दाखवायला बजेट कुठून आणणार" असं कोणी म्हणत असेल तर ते चालणार नाही. 'रोड ९६' आधीच पुष्कळ काही लक्षात ठेवतो. कोणत्या पात्राची कथा किती पुढे गेली, कोणती कौशल्यं मिळाली, निवडणुकीचा पारडा कुणीकडे झुकला, हे सगळं एका फेरीतून दुसऱ्या फेरीत नेणारी यंत्रणा त्यांच्याकडे तयार आहे. त्यात फक्त एक आकडा वाढवायचा होता. घरच्यांवर आलेली संक्रांत, शून्य ते दहा. तो आकडा वाढला की पुढच्या मुलाच्या वाट्याला जास्त चौक्या, लिफ्ट देणारे कमी, आणि रेडिओवर "बेपत्ता मुलाच्या वडिलांना अटक" अशी एक ओळ. नवा सीन नको, नवं मॉडेल नको. बेपत्ता मुलांची पोस्टर्स तर आधीच भिंतीवर लावलेली आहेत. पोस्टर कोणी लावलं, या मुलाला कोण शोधतंय, एवढा प्रश्न जरी गेमने स्वतःला विचारला असता तरी अर्धं काम झालं असतं. हा प्रश्न पैशाचा नाहीच. कोणती गोष्ट मोजायची आणि कोणती सोडायची, याचा आहे. आणि गेममध्ये जे मोजलं जात नाही ते खेळणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात चांगला आहे. सोळा-सतरा वर्षांची पोरं घराचा विचार करतात का? पळतात ती पळतात! गेम त्यांच्या डोळ्यांतून आहे, म्हणून घर दिसत नाही.

मला उलट वाटतं. लोकशाही देशातली पोरं घराचा विचार न करता पळतात, कारण फार तर आई रडेल आणि बाप पोलिसात तक्रार देईल. जिथे बाबांनी जेवताना रेडिओचा आवाज वाढवून मगच तोंड उघडायचं असतं, तिथलं पोर हे गणित लहानपणीच शिकतं. शाळेत काय बोलायचं आणि घरात काय, हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं. त्याला बेफिकीर दाखवणं म्हणजे त्याच्याकडून त्याचा सगळ्यात कठीण निर्णय काढून घेणं. मग उरतं काय? साहस. नुसतं साहस.

"एका गेमवर इतकं कशाला चिडायचं?" याचंही उत्तर देतो. कारण हा गेम खेळून उठलेला माणूस एक धडा घेऊन उठतो. धडा असा की हुकूमशाहीतून सुटणं म्हणजे हिंमत, नशीब आणि थोडी चलाखी. हे ज्याच्याकडे आहे तो सुटतो. म्हणजे जे राहिले त्यांच्याकडे हिंमत नव्हती, हे ओघानेच आलं. आपण एसीत बसून बातम्या बघताना हेच तर म्हणतो! "हे लोक उठाव का करत नाहीत? निदान पळून का जात नाहीत? सहन का करतात?" आपल्या या प्रश्नातला माजोरडेपणा आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला कोणी तो काउंटरवरचा प्रश्न कधी विचारलेला नसतो. इतकं कापड कशाला हो?

राहिलेले सगळे भित्रे नव्हते. कितीतरी जण राहिले कारण त्यांच्या जाण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली असती, आणि त्यांनी ती त्याच्या माथी मारली नाही. तेही धैर्यच आहे, फक्त त्याला पार्श्वसंगीत नसतं. आणि जे गेले ते ही किंमत माहीत असताना गेले, म्हणून त्यांचं जाणं इतकं मोठं. 'रोड ९६' दोघांनाही स्वस्तात काढतो.

मला पेट्रियाची भिंत दहा फूट आणखी उंच नकोय, पहारेकरी हुशार नकोत, वाळवंटही अमेरिकेतलंच राहू द्या. प्रत्येक मुलाची फेरी संपली की स्क्रीन काळी व्हायच्या आधी दहा सेकंद द्या. एक घर. सकाळची वेळ. दारावर थाप. मग पुढचं पोस्टर निवडायला सांगा. तेव्हा बघू, किती जण पटकन क्लिक करतात ते.